बाबांना मिळालेली नावं

वडप्याच्या अलीकडे आमचं गाव. गावामागे देवाचं रान होतं आणि बाबा त्याची राखण करायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. आत झाडाखाली देव, म्हणजे शेंदूर फासलेला दगड, म्हणून तिथली सुकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, अशी रीत. पण रीत मोडणारे असतातच. कुऱ्हाड दिसली की बाबा शिव्या देत धावायचे. गाव त्यांना 'रानभूत' म्हणायचं. गोदामांसाठी जागा मागणारे येऊ लागले तसं 'आडमुठा' म्हणू लागलं. बाबांना दोन्ही चालायचं. रान उभं आहे ना, मग मेले काय म्हणायचं ते म्हणोत!

मग भावकी घरी आली, गोड बोलत. "देव उन्हापावसात बसलाय, बरं दिसतं का? रस्त्याला पक्कं देऊळ बांधू." बाबा देवभोळे. त्यांनी कौल लावला, दगडाला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं, म्हणजे होकार. देवच राजी, मग विषय संपला. वाजतगाजत दगड देवळात नेला. बाबा नाचले त्या दिवशी.

रान देवाचं होतं. देव उठला तशी ती नुसती झाडं राहिली. हे बाबांच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. सातबारा भावकीचा. त्यांनी जागा गोदामाला दिली. झाडं पाडायला मशिनी आल्या. बाबा धावले, तर लोक म्हणाले, "आता कशाला वरडताव? देव तुम्हीच हलवला न." मला रडूही आलं नाही. भात खाल्ला, भांडी घासली.

देवळाला वर्ष झालं तेव्हा बाबांना शाल मिळाली. माइकवर कुणी त्यांना 'निसर्गरक्षक' म्हणालं, कुणी 'वारसा जपणारे'. बॅनरवर झाडं छापली होती, कुठल्या मुलखातली कोण जाणे. बाबांनी हात जोडले. मी टाळ्या वाजवल्या. आत सगळं बधिर झालं होतं, चीडसुद्धा येईना.

परवा गणेशपुरीकडची काही माणसं आली. त्यांनाही रानातला देव बाहेर आणायचाय. कसं केलंत ते सांगा, म्हणे. बाबा ताठ बसले.

"हलवू नका. उन्हात राहू दे, पावसात राहू दे, पन हलवू नका. देव उठला का रान गेलं. माझं गेलं."

माणसांनी माना डोलावल्या, चहा प्यायला.

"बरोबर हाय तुमचं, काका," एक जण म्हणाला. "बरं, देवळाला फरशी कुठून आणली तेवढं सांगा."

बाबांनी नारपोलीच्या दुकानाचा पत्ता सांगितला.