निळा ठिपका माझाच होता

मंडळी, आत्ताच घरी आलेय.

आज मी आणि दादा कर्जतच्या डोंगरात गेलो होतो. रेंज नसते म्हणून नकाशा टॅबमध्ये आधीच उतरवून घेतला होता. डोक्याइतक्या उंच कारवीच्या झुडपांत वाट हरवली. दादा म्हणाला, "तू हितंच थांब गं, टॅब धर. मी वाट बघून येतो."

बराच वेळ झाला, तो येईना. हाका मारून घसा बसला. टॅबवर निळा ठिपका मात्र ठळक, जागच्या जागी. आणि मग लक्षात आलं. तो ठिपका मी होते. दादा नकाशात कुठेच नव्हता!

शेवटी ओढ्याकडून धडपडत आला, अंगभर ओरखडे. म्हणतो कसा, "तुझी काळजी नव्हती, टॅब होता ना तुझ्याकडं!"

टॅब एक आणि माणसं दोन असली, तर तुम्ही एकमेकांना सोडता का हो?