जावई ताटावर होते तवर

भाऊजी येऊन राह्यले हे मले सकाळीच समजलं, पन काऊन येऊन राह्यले हे समजाले दुपार झाली. भाऊजी म्हंजे माह्या नणंदेचे मालक, आमच्या घरचे जावई. आदिलाबादले नोकरीवर हायत. त्यायची गाडी अंगनात लागली का आत्याबाई, म्हंजे माही सासू, पयले पाय धुवाले पानी देते अन् मंग चुलीकडं पाहून मले म्हनते, "पुरन घाल वं." जावयाले साध्या वरन-भातावर उठवत नाई आमच्यात.

डाळ सकाळीच शिजवून ठेवली होती. मी पुरन वाटून राह्यली होती, लेकरू कंबरेवर, अन् फोन वाजला. आमचे हे. हे तिकडं अरब देशात वेल्डिंगचं काम करतात. लेकरू पोटात होतं तवा गेले, लेकराले बाप म्हंजे फोनातला मानूसच वाटते. ह्यायची फोन कराची येळ नोती ती, म्हनून मी वाटनं सोडून फोन उचलला.

"पाकीट कोनाच्या मेलवर हाय?" एवढंच इचारलं ह्यायनं.

पाकीट म्हंजे चामड्याचं नाई. ह्यायच्या खोलीतल्या पोरायनं ह्यायले शिकवलं होतं का बचत डालरच्या कॉइनात ठेवा, ते कॉइन फोनातल्या पाकिटात राह्यतात. साइटवर ह्यायचा फोन एकडाव चोरी गेला म्हनून पाकीट माह्या फोनात ठेवाचं ठरलं. त्या बचतीवर इथंच नेरडीगोंड्याले हायवेच्या कडंले वेल्डिंगचं दुकान टाकाचं अन् परत तिकडं जाचं नाई, असं आमचं बोलनं झालं होतं. ते गेलं तं अजून दोन वर्साचा करार. म्हनून त्या पाकिटाकडं पाह्यलं का मले पैसा दिसतच नोता, मले हे पिशी घेऊन बसमधून उतरताना दिसत.

पाकीट घ्याच्या टायमाले दोन परकार होते. एक सोपं. नंबर अन् पासवर्ड टाका, ओटीपी येते, उघडलं. इसरलं तं मेलवरून परत भेटते. चाबी कंपनीजवळ राह्यते. दुसऱ्यात बारा इंग्रजी शब्द देतात, तेच चाबी, हरवले तं कोनीच उघडून देत नाई. मी आठवीलोक शिकली, ते बी तेलुगू बडीत, आमच्याकडं शाळेले बडीच म्हनतात. बारा इंग्रजी शब्द मी काय सांभाळनार? मी म्हनलं, सोपं द्या. ते भाऊजीनंच बसवून देल्लं. माहा मेल नोता तं त्यायनं त्यायचा टाकला. "इसरल्या तं मी हावो ना वैनी," म्हने. मले तवा किती बरं वाटलं होतं.

"भाऊजीच्या मेलवर हाय," मी म्हनलं.

"काल त्यायचा फोन होता मले. कोनता तरी दुप्पट होनारा धंदा हाय, त्यात आपला पैसा टाकतो म्हने. म्या साफ नाई म्हनलं. आज तिथं आले का नाई?"

"गाडी आताच लागली."

"पासवर्ड त्यायले मालूम. मेल त्यायचा. फक्त ओटीपी तुह्या फोनवर येते, त्याच्यासाठी आले ते. मांगतील तं तू नाई म्हनशीन?"

घरच्या जावयाले सून कशी नाई म्हनन?

"आई नाई म्हनन?"

आत्याबाई? जावयानं पानी मांगतलं तं ही बाई दूध देते.

"तेच तं," हे म्हने. "मंग ते मांगाच्या आधी काढून घे. बाराशब्दवालं पाकीट घे. पाय, नावं सारखे असनारे खोटे लय हायत, वर जाहिरातीचं असन ते घेऊ नको, बनवनाऱ्याचं नाव पाहून घे, म्या सांगतलं होतं ते. शब्द पुठ्ठ्यावर लिहिजो, फोटो काढजो नको. पयले जरासंच पाठव, पोचलं तं मंग सारं. अन् जाळं, म्हंजे पैसा जाचा रस्ता, दोन्हीकडं एकच निवड, नाई तं..."

नाई तं काय, ते राह्यलंच. फोन कटला, अन् मंग लागलाच नाई.

सोप्यातून भाऊजीचा आवाज आला. "वैनी, तुमचा फोन आना बरं जरा. एका मिनिटाचं काम हाय."

"दे ना वं," आत्याबाई म्हने.

फोन मी पदराखाली घेतला. तव्यावर पयली पोळी होती, ती फुगून राह्यली होती, अन् माह्या तोंडातून निंगून गेलं, "पयले जेवून घ्या भाऊजी, पोळी गरम हाय. थंडी झाल्यावर काय मजा?"

मी काई ठरवून नाई म्हनलं. पन आत्याबाईनं लगेच पाट टाकला, तांब्या ठेवला, अन् भाऊजी बसले. त्यायचा सोताचा फोन सोप्यात दाराजवळ चार्जिंगले लावलेला होता. त्यायनं पोळी तुपात बुडवली, बोटं मनगटालोक तुपातुपाची झाली, तवा माह्या डोक्यात उजेड पडला. मानूस ताटावर हाय तवर त्याले फोन धरता येत नाई. अन् आमच्याकडं जावई अर्ध्या ताटावरून उठत नाई, उठला तं सासूचा अपमान. म्हंजे जितक्या पोळ्या तितका टाइम.

मी दुसरी पोळी टाकली अन् मागच्या दारानं पळाली. चुलीपाशी नेट येत नाई, सोप्यात दाराजवळ येते, नाई तं मागं कडब्याच्या गंजीजवळ. लेकरू कंबरेवर, हाताले पीठ. ओल्या बोटाले फोन समजत नोता, मी पदराले बोटं पुसू अन् दाबू, पुसू अन् दाबू. नाव टाकलं तं चार पाकिटं आले, सारे एकसारखे, निळे. सगळ्यात वरचं मोठं होतं, मी ते उघडलंच होतं. उघडल्या उघडल्या त्यानं बारा रिकामे खाने दाखवले अन् म्हने भरा. मी म्हनलं माहेजवळ कुठं हायत, मी तं घ्याले आली. अन् मंग ध्यानात आलं. देनाऱ्यानं द्याले पायजे ना, हा मांगून कसा राह्यला? ते जाहिरातीचं होतं. ते काढून टाकलं, खालचं पाह्यलं, बनवनाऱ्याचं नाव ह्यायनं सांगतलं तेच होतं, अक्षर न् अक्षर जुळवलं, तवर घरातून करपल्याचा वास आला.

"वैनी, पोळी का कोळसा वं?"

"आली आली!" मी पळाली. करपलेली मी माह्यासाठी बाजूले ठेवली, नवी टाकली, तूप वाढलं. फोन मी गंजीवरच ठेवला होता, त्यात पाकीट उतरून राह्यलं होतं, एक गोल फिरून राह्यला होता, अन् मी हसून म्हनून राह्यली, "घ्या ना भाऊजी, लाजता काऊन?"

"लाजून नाई राह्यलो, भरून राह्यलो," भाऊजी म्हने. "तुमचा फोन कुठी हाय?"

"लेकराजवळ हाय. गाने पाहून राह्यली ती."

लेकरू माह्या कंबरेवरच होतं. आत्याबाईनं लेकराकडं पाह्यलं, मंग मले पाह्यलं. भजे वाढले.

परत गंजीजवळ. नव्या पाकिटानं शब्द दाखवले. लेकराची पेन्सिल होती, साडीच्या डब्याचा पुठ्ठा फाडला, भिंतीवर धरून लिहाले बसली. मले त्या शब्दाचे अर्थ येत नोते, मी अक्षरं उतरवून राह्यली होती जशी पोरं चित्र उतरवतात. एका शब्दात दोन अक्षरं जोडीनं होते, ते मी एकच लिहिलं, परत पाह्यलं, खोडलं. लेकरू पुठ्ठा ओढे. हायवेवरून ट्रक गेला का मले वाटे भाऊजी मागं उभे हायत. शब्द झाल्यावर पाकिटानं परीक्षा घेतली, चौथा कोनता, नववा कोनता. बडीत मले कधी परीक्षेचं एवढं भेव नाई वाटलं. बरोबर निंगाले तवा मी पुठ्ठा पोलक्यात खोसला.

आता जुनं उघडलं. नव्याचा पत्ता म्हंजे लय लांब, अक्षरं आकडे सारे एकात एक. तो टाकला, पयले चार पाह्यले, आखरीचे चार पाह्यले, जाळं एकच निवडलं. जरासंच टाकलं. ओटीपी माह्या फोनवर आला, तो भरला, पाठवलं.

अन् सोप्यात भाऊजीचा फोन वाजला. टिंग.

तवा मले उमजलं. मेल त्यायचा! पैसा हलला का त्यायले खबर जाते, हे माह्या ध्यानातच आलं नोतं. मी पळत आत आली. भाऊजीची मान दाराकडं.

"आई, माहा मोबाइल द्या बरं जरा," ते आत्याबाईले म्हने. "ऑफिसचं असन."

आत्याबाईच्या हातात तुपाचं भांडं होतं. मी तिच्याकडं पाह्यलं. मी काय म्हनू शकत होती? मी नुसतं पाह्यलं, अन् माह्या डोळ्यात पानी आलं असन, मले मालूम नाई. आत्याबाई म्हने, "आज ऐतवार. ऑफिस काय चंद्रावर हाय, तिथं ऐतवार नसते? जेवा पयले, जावईबुवा."

"पाहू तं द्या."

"माहा हात तुपाचा, तिचा पिठाचा. फोन चुलीत घालू का?"

भाऊजी हसले, पन डाव्या हातानं पाट धरून उठाले झाले. आत्याबाईनं त्यायच्या ताटात आखी पोळी टाकली, वरून तुपाची धार. "माह्या घरचं ताट अर्धं सोडून जाल? पोरीले सांगीन मी."

ते बसले. पुटपुटले काईतरी. मी मागं पळाली.

जरासं पाठवलेलं अजून दिसत नोतं. रिकामं. मी खाली-वर करून राह्यली, लेकरू रडाले लागलं, मी त्याले हलवू अन् फोन बी हलवू, जसं हलवल्यानं पडन काई. मनात आलं, एखादं अक्षर चुकलं, गेलं, हे गेले. अन् मंग दिसलं. जरासंच, पन दिसलं, माह्या पाकिटात, माह्या बारा शब्दाच्या आत. मी मंग थांबली नाई. सारं टाकलं. पत्त्याचे पयले चार, आखरीचे चार, परत एकडाव, ओटीपी, पाठव.

टिंग. घरातून ऐकू आलं.

अन् आत्याबाईचा आवाज, "आनखीन एक."

"नाई आई, खरंच नाई. मरून जाईन." पाट सरकल्याचा आवाज आला. चूळ भरल्याचा आवाज आला. मी आत आली तवा भाऊजी हात पुसून फोन पाहून राह्यले होते, अन् त्यायच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरून राह्यलं होतं.

"वैनी. पैसे तुमी काढले?"

लेकराले मी एवढं घट्ट धरलं का ते ओरडलं. "हो भाऊजी. त्यायनंच सांगतलं. आता बारा शब्दवालं केलं."

"माह्यावर भरवसा नाई?"

मी म्हनलं, "तुमच्यावर भार काऊन टाकाचा, म्हनून."

भाऊजीनं फोन खिशात टाकला. मंग म्हने, "करा. पन ते बारा शब्द उंदरानं खाल्ले तं रडत माह्याकडं येजा नको." शर्ट नीट केला, आत्याबाईच्या पाया पडले, गाडी चालू केली. पान बी खाल्लं नाई.

गाडीचा आवाज गेल्यावर मी तिथंच उंबरठ्यावर बसली. फोनात सारं आलेलं दिसून राह्यलं होतं, तरी मी घडीघडी उघडून पाहून राह्यली होती. भाऊजी वाईट नाईत, नणंदेले सांभाळतात, लेकराले खेळनं आनतात. पन ह्यायचं परत येनं त्यायच्या मेलात ठेवून मले झोप कशी आली असती?

अन् आता नवीनच भेव. पुठ्ठा. घामानं भिजला तं? चूल हाय, पानी हाय, उंदरं तं हायतच. मी तो पोलक्यातून काढू अन् परत खोसू.

आत्याबाई ताट घासून आली, माह्याजवळ बसली. "चौथ्या पोळीपासून त्यायले जात नोतं," म्हने. "मले दिसत होतं."

मी तिच्याकडं पाह्यलं.

"तुहं मागं जानं बी दिसत होतं. माह्या पोराचं काई हाय?"

मी हो म्हनून मान हलवली. तिनं हात पुढं केला. "काय लिहिलं ते मले सांगू नको, मले वाचता बी येत नाई. आन इकडं."

तिच्या लोखंडी संदुकीत लग्नातलं लुगडं हाय, त्याच्या घडीत तिनं पुठ्ठा ठेवला अन् किल्ली कंबरेले लावली. आमच्या बायायच्या बचतीच्या संघमची पेटी अशीच राह्यते, पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. माह्याजवळ फोन, तिच्याजवळ किल्ली. तवा कुठं माहा जीव थोडा खाली बसला, पूरा नाई.

दिवा लावाच्या टायमाले ह्यायचा फोन लागला. "झालं?" ह्यायचा आवाज बसलेला होता.

"झालं. सारं आलं."

मंग म्हने, "शब्द कुठं ठेवले?"

"घरात हायत. फोनवर नाई सांगत."

"मले बी नाई?"

"तुमाले बी नाई," मी म्हनलं. "घरी या, मंग दाखवीन."