पंचांचं मानधन आणि भाऊंचं किचन

समित्यांवर बसणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. शाली आणि किस्से. शाली बायको लग्नाकार्यांत वाटून टाकते. किस्से मात्र कोणी आहेरात घेत नाही, ते सांगूनच संपवावे लागतात.

मी पेणच्या कोर्टात वकिली करतो, त्यामुळे दुसऱ्यांची भांडणं ऐकायची मला सवय आहे. पण आमच्या कबड्डी मंडळाने मला एका आयोगाचा अध्यक्ष केलं, आणि तेव्हापासून कोण कोणाला कशाचे पैसे देतो, हेच मला कळेनासं झालंय. तुम्हाला कळलं तर कृपा करून सांगा!

* * *

सुरुवात एका वड्यामुळे झाली.

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गावांचं मिळून आमचं मंडळ आहे. अध्यक्ष भाऊ. निवडून आलेले, आणि दर वेळी बिनविरोध. कोलाडला हायवेवर त्यांचं हॉटेल आहे. हॉटेलावर त्यांचा जीव आहेच, पण त्याहून जास्त जीव कोलाडच्या टीमवर आहे. मी मंडळाचा कायदेशीर सल्लागार. म्हणजे सल्ला कोणी विचारत नाही, पण सभेला वडा मिळतो.

त्या दिवशी विषय होता पदाधिकाऱ्यांच्या प्रवासभत्त्याचा. भाऊ म्हणाले, "वाढवायचा ना? करा हात वर!" सगळ्यांचे हात वर गेले. माझा एकट्याचा खाली राहिला, कारण त्यात वडा होता.

"वकीलसाहेब, तुमचा विरोध?" भाऊंनी विचारलं.

आता वड्याचं कारण भर सभेत कसं सांगणार? मी ठोकून दिलं, "आमदार-खासदार सभागृहात बसून आपला पगार आपणच वाढवतात, तेच इथे चाललंय. न्यायाधीशांचं बघा. त्यांच्या पगारासाठी वेगळा आयोग बसतो. आपल्या ताटात आपणच वाढून घ्यायचं नसतं!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात भाऊंनीच वाजवल्या. "मग आपण पण आयोग नेमू! अध्यक्ष वकीलसाहेब!"

मी वडा खाली ठेवला, पण उशीर झाला होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सुरेखाताई उभी राहिली. सुरेखाताई रोह्याची. कंपनीत शिफ्टला जाते, आणि आमच्या मंडळाची सगळ्यात कडक पंच आहे. "पदाधिकाऱ्यांचं बघताय तर आमचं पण बघा. पंचांचं. मॅचच्या दिवशी माझी शिफ्ट बुडते, पगार कापतात, आणि तुमी देता नारळ नि टॉवेल. घरात इतके नारळ झालेत की सासू म्हणते, वाडी नाय नि आपण बागायतदार!"

सभा हसली. ती हसली नाही. "काय ते या सीझनला ठरवा. नायतर फायनल झाली की मी शिट्टी ठेवून देणार."

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर भीती वाटली. कारण तिने शिट्टी ठेवली तर उरलेले सगळे पंच कोणा ना कोणाचे मेहुणे होते.

* * *

आयोग स्वतंत्र हवा, हे मीच बोलून बसलो होतो. आता स्वतंत्र माणूस शोधायचा कुठे?

पेण-रोह्यात कबड्डीशी संबंध नसलेला माणूस शोधणं म्हणजे खाडीत गोडं पाणी शोधणं. कोणाचा मुलगा खेळतो, कोणाचा जावई, आणि कोणाचं काही नसलं तर त्याच्या शेतात मैदान असतं.

शेवटी एक सापडल्या रोह्याच्या डॉक्टर अनघा. दातांच्या डॉक्टर, माहेर नागपूरकडचं, कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही. मी खूश! पण पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. माझे निम्मे पेशंट कबड्डीत दात पाडून घेतलेले असतात. हा हितसंबंध धरायचा का?" आम्ही बराच वेळ विचार केला. शेवटी ठरलं की दात दोन्ही टीमचे पडतात, म्हणून त्या निःपक्षपाती!

दुसरे बेनीकाका. निवृत्त पोस्टमास्तर, आमच्याकडच्या शिल्लक राहिलेल्या दोन-चार ज्यू घरांपैकी एकातले. मी त्यांच्या पडवीत जाऊन म्हटलं, "काका, तुमचा एकही नातेवाईक कबड्डीत नाही. तुमच्याइतका स्वतंत्र माणूस दोन्ही तालुक्यांत नाही."

"अरे, माझा एकही नातेवाईक दोन्ही तालुक्यांतच नाय," काका म्हणाले. "माझे भाऊ इस्रायलला गेले, बहिणी गेल्या, पोरं पण तिकडेच. मागे राहिलो मी नि हा फणस. याला तुम्ही लोक स्वतंत्र म्हणता होय?"

मी फणसाकडे बघितलं. मग तेच म्हणाले, "येतो रे. फक्त शनिवारची मीटिंग ठेवू नको, आमचा शब्बाथ असतो, त्या दिवशी काम नाय."

आमचं मंडळ गेली कित्येक वर्षं फक्त शनिवारी भरतं!

* * *

आयोगाची पहिली बैठक माझ्या ऑफिसात, रविवारी. आम्ही बसतोय तोच भाऊंचा माणूस कोलाडहून आला. थर्मासभर चहा आणि कागदात बांधलेली कांदाभजी.

बेनीकाकांनी कप बाजूला सरकवला. "ज्यांचं मानधन आपण ठरवायचं, त्यांचाच चहा प्यायचा?"

मुद्दा बिनतोड होता. डॉक्टर म्हणाल्या, "मग आपण पैसे देऊ." पण कोण देणार? मंडळाने द्यायचे तर मंडळ म्हणजे भाऊच. आम्ही खिशातून द्यायचे तर आयोगावर फक्त पैसेवाल्यांनीच बसायचं का? आमचा चहाभत्ता आम्हीच ठरवला, तर मग त्या हात वर करणाऱ्यांत आणि आमच्यात फरक काय? डॉक्टर म्हणाल्या, "आपला भत्ता ठरवायला दुसरा आयोग लागेल." बेनीकाका म्हणाले, "त्यांना चहा कोण देणार?"

दुपार झाली. ठराव एवढाच झाला की चहा परत पाठवावा. मी बाणेदारपणे थर्मास तसाच भाऊंकडे धाडला.

थर्मास कोलाडला पोचला तसा भाऊंचा फोन. "वकीलसाहेब, आयोगाला मानलं! चहाला शिवला नाय तुमी. बरं, भजी कुठं गेली?"

मी कागदाकडे बघितलं. कागदावर तेल होतं फक्त. चर्चेच्या ओघात कोणी काय खाल्लं, हे आयोगाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

* * *

मग पदाधिकाऱ्यांच्या साक्षी. भाऊ पांढरे कपडे घालून आले.

"भाऊ, मंडळाकडून तुम्ही काय घेता?"

"एक पैसा नाय! सेवा आहे ती."

"गाडीचं डिझेल?"

"ते मंडळाच्या कामाचं."

"फोन?"

"मंडळाचाच."

"सत्काराचे हार, तुमच्या फोटोचे बॅनर?"

"माझा फोटो लावा असं मी कधी म्हटलंय? पोरं हौसेनं लावतात. पैसे मंडळ देतं."

डॉक्टर सगळं लिहून घेत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्यापेक्षा आम्ही तुम्हाला ठरावीक मानधन देतो. बाकी सगळं बंद. सगळ्यांत स्वस्त तेच पडेल."

भाऊ एकदम उभे राहिले. "म्हणजे मी पगारी माणूस? नको बाबा! पगार घेतला की लोक कामाचं विचारतात. फुकट राबणाऱ्याला कोण काय विचारतो?"

आयुष्यात इतकी खरी साक्ष मी कोर्टातसुद्धा ऐकली नाही.

* * *

पंचांच्या मानधनासाठी आम्ही धरमतरच्या बाजूला जाहीर सुनावणी ठेवली. लोकांनी सूचना कराव्यात, अशी कल्पना. ती कल्पनाही माझीच!

एक जुने खेळाडू म्हणाले, "पंच चुकला की पैसे कापा."

"चुकला हे कोण ठरवणार?"

"हरलेली टीम!"

दुसरे म्हणाले, "पैसे जिंकलेल्या टीमने द्यावेत. ती खुशीत असते." लोकांनी माना डोलावल्या. मला घाम फुटला. कोर्टात असं झालं तर काय होईल, याचा विचार करत बसलो आणि सुनावणी हातातून गेली.

तेव्हा सुरेखाताई उठली. "आमाला खरं मानधन काय मिळतं, सांगू? कोलाडला मॅच असली की पंचांचं जेवण भाऊंच्या हॉटेलात. कोलाडची टीम जिंकली की मटण. हरली की भाऊ गल्ल्यावरूनच सांगतात, 'किचन बंद झालं.' शेवटची पाच मिनिटं राहिली ना, की आमचे पंच लाइनीकडे बघतच नाय, हॉटेलाच्या धुराकडे बघतात!"

सगळे भाऊंकडे वळले. भाऊ खरोखर दुखावले गेले. "अरे, निकालाचा आणि किचनचा काय संबंध? टीम हरली की माझ्या आचाऱ्याचं मन लागत नाय!"

"मी उपाशी घरी गेलेय, भाऊ," सुरेखाताई म्हणाली. "पण शिट्टी बदलली नाय."



* * *

अहवाल आम्ही एका पानाचा केला, कारण दोन पानं मंडळात कोणी वाचत नाही. पंचांचं मानधन सीझनच्या आधीच ठरवायचं, सामना सुरू होण्यापूर्वी हातात द्यायचं, कोणीही जिंको. यजमानांचं फुकट जेवण पंचांनी घ्यायचं नाही. पदाधिकाऱ्यांना ठरावीक भत्ता, बाकी काही नाही.

बेनीकाकांसाठी सभा पहिल्यांदाच रविवारी भरली, तिथे तो वाचून दाखवला.  मग भाऊ म्हणाले, "आयोग स्वतंत्र आहे, मान्य. पण अहवाल स्वीकारायचा की नाय, ते सभाच ठरवणार. करा हात वर."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पुन्हा तेच हात! इतके महिने खटाटोप करून आम्ही जिथून निघालो तिथेच आलो होतो. ज्यांचा भत्ता आम्ही बांधून टाकला, तेच आता त्यावर मत देणार. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

एकही हात वर गेला नाही.

सुरेखाताई पुढे आली. गळ्यातली शिट्टी काढून तिने टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. फायनल तोंडावर आलेली. लोक एकमेकांकडे बघू लागले. सगळ्यांना सगळ्यांचे मेहुणे माहीत होते. मग एक हात वर गेला, दोन गेले, आणि शेवटी भाऊंचाही गेला.

"मंजूर!" मी ओरडलो.

"अहो, मी घाम पुसत होतो," भाऊ म्हणाले. पण तोवर सचिवांनी लिहून घेतलं होतं.

"पण पैसे आणायचे कुठून?" खजिनदार रडकुंडीला आले.

"बॅनरमधून," बेनीकाका म्हणाले.

फायनलच्या बॅनरवर भाऊंचा फोटो पासपोर्ट साइजचा होता. शिट्टी मात्र सुरेखाताईने उचलली ती एवढंच म्हणून, "फायनलपर्यंत. पुढचं नंतर बघू."

* * *

फायनल कोलाडलाच, भाऊंच्या हॉटेलामागच्या मैदानावर. कोलाड विरुद्ध धरमतर. सुरेखाताई पंच. सामन्याआधी खजिनदारांनी तिला सगळ्यांसमोर पाकीट दिलं. तिने ते न उघडता कमरेला खोचलं.

शेवटची चढाई. दोन्ही टीमचे गुण सारखे, आणि चढाईला भाऊंचा सख्खा पुतण्या. गड्याला शिवून तो परत फिरला. धरमतरच्या दोघांनी पाय धरला, तो फरपटत मध्यरेषेकडे आला, हात पुढे टाकला. सगळं कोलाड उठून उभं राहिलं. आणि हात रेषेला लागायच्या आत शिट्टी वाजली.

"दम गेला," सुरेखाताई म्हणाली. "आउट!"

चढाईत 'कबड्डी कबड्डी'चा दम तुटला की खेळाडू बाद. पण तो तुटला की नाही, हे एवढ्या आरडाओरड्यात जवळ उभ्या असलेल्या पंचालाच ऐकू येतं. धरमतरची टीम नाचायला लागली. भाऊ खुर्चीवरून उठले आणि हॉटेलात निघून गेले.

दिवेलागणीला आम्ही तिघं, म्हणजे विसर्जित झालेला आयोग, हॉटेलात शिरलो. भुका लागल्या होत्या. भाऊ गल्ल्यावर बसले होते, तोंड फिरवून. आमच्या मागोमाग सुरेखाताई आली आणि समोरच्या टेबलावर बसली.

भाऊंनी मान वर न करता सांगितलं, "किचन बंद झालं."

"पंचासाठी बंद ठेवा," सुरेखाताई म्हणाली, आणि कमरेचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मी गिऱ्हाईक हाय. एक मटण थाळी."

हॉटेलात सगळे हात धुवायचे थांबले. भाऊ कधी पाकिटाकडे बघत होते, कधी तिच्याकडे. मग ते आमच्याकडे वळले. "वकीलसाहेब, हे नियमात बसतं?"

आम्ही तिघांनी डोकी एकत्र केली. फुकट जेवण घ्यायचं नाही, एवढंच आम्ही लिहिलं होतं. विकतचं लिहायचं राहून गेलं होतं. पण पंचाचे पैसे मंडळाचे, मंडळाचे पैसे बॅनरचे, बॅनर भाऊंचा, आणि आता ते परत भाऊंच्याच गल्ल्यात जाणार. म्हणजे नक्की जेवू कोण घालत होतं? मला काही केल्या कळेना. डॉक्टर म्हणाल्या, "बसत असेल." बेनीकाका म्हणाले, "बसतं. आणि आम्हाला पण तीन."

भाऊ उठून स्वतः आत गेले. बऱ्याच वेळाने ताट घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवलं. रस्सा वाफाळत होता. ती शांतपणे जेवली, भाकरी परत मागितली, लिंबू मागितलं. भाऊ तिथेच उभे. शिट्टी अजून तिच्या गळ्यातच होती.

शेवटी भाऊंना राहवलं नाही. ते तिच्या समोरच्या बाकड्यावर टेकले आणि हळूच म्हणाले, "सुरेखा, आता तुझ्या माझ्यात कोण नाय. खरं सांग गो, दम गेला होता पोराचा?"

सुरेखाताईने बोटं चाटली, पाणी प्यायली आणि म्हणाली,

"आधी बिल आणा, भाऊ."