गाऱ्यात चालणारे टायर

आमच्या गाडीचे चारही टायर गोटा झाले, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद वडिलांना झाला. निवृत्त माणसाला काम मिळालं. आठवडाभर ते अमरावतीतली दुकानं हिंडले, टायरला नख टोचून पाहिलं, बाजूवर कोरलेली बनावटीची तारीख चष्मा वर करून वाचली, आणि शेवटी जाहीर केलं, "इथं सारे चोर हायेत. टायर अकोल्याहून घेऊ." अकोल्यात त्यांच्या नोकरीच्या काळातला एक टायरवाला होता. त्याच्याकडचा टायर फुटला तरी वडील दोष रस्त्याला देत.

दुकानदार 'ऑल सीझन' टायर म्हणत, त्याचं मला हसू यायचं. आपल्या वऱ्हाडात सीझन तीनच: ऊन, गारा आणि लग्नसराई. उन्हात डांबर पाघळतं, पावसात काळ्या मातीचा गारा, म्हणजे चिखल, पायातली चप्पल ठेवून घेतो, आणि लग्नसराईत पाच जणांच्या गाडीत नऊ जण बसून वर आहेराची भांडी मांडीवर घेतात. या तिन्हीतून तरून जाईल असा टायर कोणी काढला असेल, यावर माझा काही विश्वास नव्हता.

नवल वाटलं ते आईचं. गाडीतलं तिला हॉर्नपलीकडे काही ठाऊक नव्हतं. पण ती म्हणाली, "पोळ्याच्या आदल्या दिवशी जाऊ. मी बी येतो." बायकोला टायरची गोडी लागली म्हणून वडील खूश. मला मात्र कळलं होतं. अकोल्याहून दर्यापूरमार्गे परत यायचं म्हटलं की वाटेत, फाट्यापासून आत, आईचं माहेर लागतं. तिथं माझा मामा एकटा राहत होता.

मामानं त्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली होती. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला, चारा कुठं मिळेना. मामी आधीच गेलेली, मुलगी सासरी. जोडी गेल्यापासून तो कुठं जात नाही, कोणाशी बोलत नाही, रिकाम्या गोठ्यात खाट टाकून बसतो, असं शेजारी सांगायचे. फोन केला की 'हो' आणि 'बरं', एवढंच. ती वर्षंच अशी होती की सकाळी पेपर आला की आई शेतकऱ्याच्या बातमीत आधी गावाचं नाव वाचायची. नाव दुसऱ्या गावाचं निघालं की तिला हायसं वाटायचं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटायची. आईला भीती वाटत होती, तिच्यामुळे मलाही. सगळ्या गावाचे बैल सजून निघतील त्या दिवशी भाऊ त्या गोठ्यात एकटा नसावा, एवढंच तिला हवं होतं.

अकोल्याला टायरवाल्या चाचांनी चहा मागवला आणि दोन टायर पुढे उभे केले. "ये देखो साहब, हा हायवेचा राजा. आवाज नाही, झिजते बी कमी. आन् हा दुसरा. खाचा मोठ्या, गाऱ्यात पकडते, पन डांबरावर गुणगुणते."

वडिलांनी अर्थातच राजाच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या मते आपली गाडी निघाली हे शेजाऱ्यालाही कळता कामा नये. तेवढ्यात आई स्टुलावरून उठली आणि दुसऱ्या टायरच्या खाचेत बोट घालून म्हणाली, "हा घ्या."

"अवं, गाऱ्यात कोन जाते आपल्यातलं?"

"मी जातो. माह्या भावाकडं. आजच."

"आज? मंग कावून नाही सांगतलं आधी?"

"सांगतलं असतं तं तुमी टायर दिवाळीत घेतले असते."

वडिलांनी चाचांकडे पाहिलं. चाचा छताच्या पंख्याकडे पाहत होते. दोघंही लग्न झालेले. वडील म्हणाले, "लावा मंग तेच."

दर्यापूरच्या रस्त्याला टायर खरोखरच गुणगुणत होते, आणि वडील ते अधूनमधून ऐकवत होते. गाडी मी चालवत होते. फाट्यावरून आत वळलो तर आदल्या दिवशीच्या पावसानं रस्त्याचं काळं पीठ मळून ठेवलेलं. टायरांनी चांगली पकड घेतली. आई मागच्या सीटवरून पुढे वाकून, जणू तीच चालवते आहे अशी, सीट घट्ट धरून होती. गावाजवळच्या नाल्यापाशी आलो, पहिली घरं दिसली, आणि तिथंच गाडी बसली. मोठ्या खाचा मातीनं काठोकाठ भरल्या होत्या. दुपारी घेतलेले नवे टायर संध्याकाळी पुन्हा गोटा.

वडील खाली उतरले. ते बोलतील म्हणून मी वाटच पाहत होते. चिखलाकडे बघून ते म्हणाले, "माह्यावाले असते तं फाट्यावरच रायलो असतो." आईला त्यांनी दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी असेल.

माणसं जमली. एरवी अशा वेळी कोणीतरी जोडी आणून गाडी ओढून काढतं. पण बैल नुकतेच नाल्यावर धुऊन नेले होते, आणि आता पोळा होईपर्यंत त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नसतं. जोडी आणा असं कोणी म्हटलंसुद्धा नाही. बाप्यांनीच बाह्या वर केल्या. मामा थोरल्या बहिणीला बाई म्हणतो, हे गावाला ठाऊक. कोणीतरी त्याच्या घराकडे तोंड करून ओरडलं, "तुही बाई नाल्यापाशी फसली रे!"

मामा आला. दाढी वाढलेली, बंडी खांद्यावर सैल झालेली. आईकडे पाहून म्हणाला, "कावून आली बाई एवढ्या गाऱ्यात?"

"नवे टायर घेतले. म्हटलं पाहू चालतात का."

तो हसला नाही. डिकीला खांदा लावून उभा राहिला. मी गिअर टाकला आणि सगळ्यांनी मिळून रेटा दिला, तशी गाडी बाहेर आली.

मामाच्या घरी पोचलो. दिवे लागले तसे आजूबाजूच्या गोठ्यांतून आवाज येऊ लागले. त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. ते आवाज कानावर पडले तसा मामा उठून गोठ्याकडे निघाला.

"बस," आई म्हणाली. चुलीवरची तूप-हळदीची वाटी तिनं पदरानं धरून आणली. मामाला ओसरीतल्या खाटेवर बसवून बंडी खाली ओढली. डिकीच्या कडेनं खांदा सोलून निघाला होता.

"मी का बैल हाओ, बाई?"

हळुवार हातानं आईनं त्याचा खांदा चोळला, मग दुसरा. मग आपल्या धाकट्या भावाच्या कानाशी वाकून, बैलाला म्हणतात तसंच आदरानं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मामानं खाली मान घालून बंडी खांद्यावर ओढली. मग म्हणाला, "येतो."