चावीची करकर

बाबा ग्रामोफोनला चावी देत होते आणि आत करकर वाजत होती. स्प्रिंगचं वाळलेलं ग्रीस काढून त्यांनी नवं भरलं होतं, तरीही. आतला आवाज ऐकायला नेहमीसारखं स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला लावून त्यांनी त्याची मूठ कानामागच्या हाडावर दाबली.

"गेली बघ करकर."

करकर चालूच होती. आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून तिला वाटतं, मला सगळं सांगता येतं. पण यंत्रांचे आवाज ऐकून ज्यांनी घर चालवलं, त्यांना हे कोणत्या शब्दांत सांगावं?

"अजून थोडं तेल देऊ या?" मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"पोट भरलेल्याला वाढायला शिकवतात होय कॉलेजात?" बाबा हसले.

"बरं," मी म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले.