दोराला लावलेला हात

तोंडवलीचा जयवंत तारी हट्टी गडी. फुकट मिळालेला मासा त्याच्या घशाखाली उतरत नसे.

जाळं कापताना सुरी घसरली आणि उजव्या हाताची दोन बोटं मिटवणारे दोरीसारखे टेंडन तुटले. ऑपरेशन झालं, हाताच्या मागच्या बाजूला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, चढली. व्यायाम शिकवणाऱ्या प्राजक्ता मॅडमनी बजावलं, "बोटं डाव्या हातानंच मिटवायची. सहा आठवडे या हातानं काही धरायचं नाही, आतले टाके सुटतील." जयवंतनं तीन आठवडे सगळं मुकाट पाळलं.

चौथ्या आठवड्यात गावाची रापण लागली. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना जो दोराला हात लावील, त्याला मासळीचा वाटा मिळतो. जयवंत लांब बसलेला पाहून म्हातारे बाबूकाका ओरडले, "जयवंता, दोराक नुसतो हात लाव रे! तुझो वाटो काढूचो आसा."

काका बोलले ते मायेनं. पण नुसता हात लावून वाटा घेणं जयवंतला भिकेसारखं वाटलं. तो डाव्या हातानं खरोखरच ओढू लागला. एवढ्यात लाटेनं जाळं मागं खेचलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उजवा हात दोरावर आवळला गेला. तळहातात काहीतरी टचकन तुटलं.

दुसऱ्या ऑपरेशननंतरही ती दोन बोटं मिटली नाहीत.

आता रापण लागली की बाबूकाका न चुकता त्याचा वाटा घरी पाठवतात. दोराला हात लाव, असं मात्र त्याला कोणी म्हणत नाही.