पाटीवरची पोर्तुगीज पाहुणी

आमच्या वस्तीत बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. ती सासरी आली की तिच्या माहेरच्या गावाला 'वाली' लावतात आणि ते नाव मरेपर्यंत चालतं. माझ्या घरामागच्या घरातली सून सिरोंच्याची, म्हणून सिरोंचावाली. माझी बायको गोंडपिपरीची, म्हणून गोंडपिपरीवाली. आमची घरं ऊर्जानगरच्या कुंपणाबाहेर आहेत. वीज केंद्राची राख दोघींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सारखीच पडायची, आणि ती झटकता झटकता त्यांची मैत्री झाली. वयात वीस वर्षांचं अंतर, पण चुगल्यांत जराही नाही.

पावसाळा सरता सरता बायको गेली. ताप आला, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, आणि आठवड्याभरात परत आणलं ते तसंच. मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करतो. रडवणं आणि घाबरवणं हा माझा जोडधंदा. सगळी वस्ती वाट पाहत होती, की सर आता कसे रडतात. मी रडलो नाही. काही होतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसा मी सगळाच दुसऱ्याचा झालो होतो. चहात साखर टाकायची राहायची आणि कप रिकामा झाल्यावरही ते कळायचं नाही. नाटक कंपनीच्या मालकाचा फोन आला, त्याला यंदा नाही म्हणालो. त्यानं समजूत घातली, "सर, छोटा रोल आहे. दुसऱ्या अंकात तर तुम्ही मरूनच जाता." एरवी या वाक्यावर मी पोट धरून हसलो असतो आणि महिनाभर ते सगळ्यांना सांगत फिरलो असतो. मी फक्त फोन ठेवला.

तेरवी झाली. तिच्या नावानं वस्तीला एक मोठा गंज द्यायचं ठरलं, लग्नाकार्यात पंगतीची भाजी शिजेल असा. चंद्रपूरच्या गोल बाजारात जाऊन भांडं पसंत केलं. दुकानदारानं नाव कोरायचं मशीन हातात घेतलं. "भाऊ, नाव काय टाकू?" तिचं कागदोपत्रीचं नाव, मधे माझं नाव, शेवटी आडनाव, सगळं तोंडाशी आलं, आणि ऐकताना ती कुणातरी अनोळखी माणसाची बायको वाटली. "नंतर सांगतो," म्हणालो. गंज दुकानातच राहिला.

अशा दिवसांत सिरोंचावाली माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

"सर, काकूनं तुम्हाले सांगतलं होतं. मले इंग्रजी शिकवान म्हून."

बायकोनं सांगितलं होतं खरं. जंगलाच्या गेटजवळच्या एका रिसॉर्टमध्ये, स्वागताच्या टेबलावर, तिला महिनाभर अजमावून पाहणार होते. सासऱ्यानं परवानगी दिली होती, पण अट घालून. ठेवून घेतलं तर रोज जा. परत पाठवलं तर या घरात नोकरीचं नाव पुन्हा निघणार नाही.

"एकदा का परत आली, तर मंग मी आन् चूल," ती म्हणाली. बी.ए. झालेली पोरगी. सिरोंच्याच्या मराठीत मधूनच तेलुगूचा हेल लागायचा.

रिसॉर्टच्या दारात एक काळी पाटी होती. रोज सकाळी तीवर खडूनं इंग्रजीत लिहायचं, की आमच्या फ्रेंच पाहुण्यांचं स्वागत असो, आमच्या जपानी पाहुण्यांचं स्वागत असो. मॅनेजरचा सगळा जीव त्या पाटीत. तिच्या आधीच्या माणसानं स्वित्झर्लंडच्या लोकांना स्वीडिश करून टाकलं होतं, तो आता गावात मोबाइलचे कव्हर विकतो.

"आपल्याकडं सोपं आहे," मी सुरुवात केली. "गाव घ्या, वाली लावा, झालं. इंग्रजीत प्रत्येकाची शेपूट वेगळी. जपानीज, इटालियन, इराकी, पोलिश. नेदरलँडचा माणूस डच. आता त्यात नेदरलँड कुठं शोधणार? स्कॉटलंडचा माणूस स्कॉटिश. स्कॉच म्हटलं तर ती बाटली."

"आमच्या माहेरच्या जिल्ह्यात दारूबंदी हाये, सर. मी माणूसच म्हणीन."

"आशियातला माणूस एशियन. एशियाटिक म्हणायचं नाही, त्याला राग येतो. एशियाटिक फक्त सिंहाला."

"सिंहाले नाई येत राग?"

"विचारायला कोण गेलं?"

मग नकाशा आला. पश्चिम आफ्रिकेचा वेस्ट आफ्रिकन, पण युरोपच्या पश्चिमेचा वेस्टर्न युरोपियन. मिडल ईस्टचा मिडल ईस्टर्न. वेस्ट इंडियन म्हणजे क्रिकेटवाला, समुद्रापलीकडचा. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईकडचे ख्रिस्ती लोक.

"मंग आपण कोण?"

"सेंट्रल इंडियन म्हणा. चालतं."

"आन् विदर्भवाल्याले?"

"त्याला धड शब्दच नाही."

"काऊन?"

"आपण कधी मागितला नाही."

ती हसली. मीही भुवया उडवत होतो, हात फिरवत होतो, स्कॉटिश म्हणताना अंगणात दोन पावलं नाचूनही दाखवलं. शरीराला सवय असते. मागून स्वयंपाकघरातून जो आवाज यायचा, "पुरे करा तमाशा, लेकरू घाबरून जाईन," तो आला नाही. तो आला नाही हे मला कळलं, एवढंच. त्याचं पुढं काही झालं नाही.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी तिचा फोन आला. "सर, येऊन जाता का? गडबड झाली." रविवार होता. गाडी काढली.

पाटी दारातच होती. सुंदर गोल अक्षरांत लिहिलं होतं: आमच्या डॅनिश पाहुण्याचं आणि आमच्या पोर्तुगीज पाहुणीचं स्वागत असो. शेजारी मॅनेजर, नागपूरचा तरुण, हातात डस्टर.

"सर, तुम्हीच शिकवलं ना हे?"

मी दोनदा वाचलं. "शब्द तर दोन्ही बरोबर आहेत."

"शब्द बरोबर आहेत. बाई चुकीची आहे. दोघं नवरा-बायको, दोघांचे पासपोर्ट डेन्मार्कचे. म्हातारीला परक्या देशाची करून टाकली. टूर कंपनीनं पाहिलं तर माझी खैर नाही. आणि ही म्हणते, मी पुसणार नाही, आधी सरले विचारते."

सिरोंचावाली टेबलामागं ताठ उभी होती. "काल चहाच्या वेळी मी तिले इचारलं, मॅडम, युवर मदर्स हाउस कुठी? तिनं सांगतलं, पोर्तुगालले, समुद्राकाठी लहानसं गाव हाये. मंग बाईले माहेरावरूनच म्हणते ना सर? मले म्हणते. काकूले म्हणत होते. नवऱ्याचं गाव तर नवऱ्याले असते."

असलं काही माझ्या धड्यात नव्हतं. मॅनेजरनं डस्टर उचललं आणि तेवढ्यात सफारीची जिप्सी आवारात शिरली.

आतून एक उंच म्हातारा उतरला आणि त्याच्या मागून ती, पांढरे केस लाल धुळीनं माखलेले. ती पाटीपाशी आली. वाचलं. पुन्हा वाचलं. हे कुणी लिहिलं, असं तिनं विचारलं, तर मॅनेजर माफी मागायला लागला. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"डेन्मार्कमध्ये मला कुणी पोर्तुगीज म्हणत नाही," ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. "माझी मुलंसुद्धा नाही."

तिनं खडू मागून घेतला आणि पोर्तुगीज या शब्दाखाली लहान अक्षरांत तिच्या गावाचं नाव लिहिलं. म्हातारा मॅनेजरला म्हणाला, "मला या परदेशी बाईच्याच खोलीत राहता येईल ना?" सगळे हसले. सिरोंचावालीनं डोळे पुसले. मॅनेजरही जरा विरघळला. मी त्या बाईच्या बोटांना लागलेला खडू पाहत होतो. एरवी असल्या प्रसंगाचे मी तीन अंक केले असते.

पाटी दिवसभर तशीच राहिली. जेवणानंतर मॅनेजरनं सिरोंचावालीला बोलावलं आणि नियम सांगितला. आधी पासपोर्ट पाहायचा आणि त्याप्रमाणे लिहायचं. मग पाहुणीला विचारून, तिची मर्जी असेल तर, खाली माहेर. पुढच्या महिन्यापासून नोकरी पक्की.

"घरी तुम्ही सांगान का सर? माया सासरा तुमचं ऐकते."

"तूच सांग," मी म्हणालो. "आणि जरा भाव खाऊन सांग."

परतताना गाडी घराकडं वळवायची होती, ती सरळ चंद्रपुरात गोल बाजारात गेली. दुकानदारानं मला पाहून गंज खालच्या फळीवरून ओढून काढला, कापडानं पुसला.

"हं भाऊ, काय टाकू?"

"गोंडपिपरीवाली."

त्यानं मशीन सुरू केलं आणि पुन्हा बंद केलं. "बस एवढंच? आडनाव नाई टाकत?"

"नाही."

"मंग कोनाची गोंडपिपरीवाली, हे कोन ओळखन?"

"बाया ओळखतीन," मी म्हणालो. असं बोलायची माझी पद्धत नाही. तिची होती.

त्यानं खांदे उडवले आणि कोरायला बसला. मशीनचा आवाज दातांत घुमत होता. काम झाल्यावर त्यानं अक्षरांवरचा कीस फुंकला आणि म्हणाला, हात लावून पाहा, नीट आलं का. मी बोट फिरवलं. 'ग'च्या काठावर ते जरा खरचटलं, आणि दुखलं.